वाफ्यातले वाटाणे

एकोणीसशे त्र्याऐंशी साली मास्तरांनी शिवणाचं दुकान बंद केलं आणि मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघराचे ग्रह फिरले. सुईचं नेढं दिसेना म्हणून मास्तर घरी बसले खरे, पण गाजराचा एखादा तुकडा जाड चिरला गेला तर तो त्यांना दारातूनही दिसे.

"अगं, मापात चीर जरा."

"गाजर आहे हे, सदरा नव्हे!"

बाई मेटाकुटीला आल्या. "तुमच्या भावाला काहीतरी उद्योग लावा," असा त्यांनी वन्संना निरोप धाडला. मास्तरांची ही थोरली बहीण शेती करायची. तिने वाटाण्याचं बियाणं पाठवलं आणि पेरायचं कसं ते सांगायला शेजारच्या नर्सबाईंकडे फोन केला. फोनमध्ये खरखर अशी, जणू मधे कोणी कांदा परततंय.

"काय? रात्रभर भिजवू? बरं. मग वाफेत? बरं, बरं. ओळीत ना? ते तू मला शिकवू नकोस, ताई. सरळ टीप मारण्यात जन्म गेला माझा!"

दुसऱ्या दिवशी बाई बाजारातून येतात तो मास्तर परसात ओणवे. दोरी ताणलेली, टेप अंथरलेली, मातीवर खडूच्या रेघा. बोटात अंगुस्तान घालून ते एकेक दाणा दाबत होते. पेरून झाल्यावर त्यांनी तिथेच स्टूल टाकलं आणि राखण सुरू केली. स्वयंपाकघर मोकळं झालं. बाई कितीतरी दिवसांनी गुणगुणत गाजर चिरू लागल्या, मुद्दाम जाडजूड.

बरेच दिवस गेले, कोंबाचा पत्ता नाही.

"दाणे किडके तर नव्हते ना हो?"

"छे! उरलेले मी मीठ लावून खाल्ले. लोण्यासारखे शिजले होते."

"शिजले?"

"ताईच म्हणाली ना, वाफेत घाल म्हणून. कुकरमध्ये घातले."

वन्सं 'वाफ्यात' म्हणाल्या होत्या. जमिनीचा वाफा. बाईंनी हसू गिळलं आणि म्हणाल्या, "असू दे. एखादं बी घेतं वेळ." खरं सांगावं, तर मास्तर हिरमुसून पुन्हा दारात येऊन बसणार. म्हणून ते दाढी करायला बाहेर पडताच बाईंनी नवे दाणे आणून घाईघाईत त्याच ओळींत खोचले. नर्सबाईंना तेवढं सांगितलं, कुणाला न सांगण्याच्या बोलीवर. नर्सबाई पोट धरून हसल्या. मग त्यांनाही दया आली.

आणि एका सकाळी परसातून हाक आली, "अगं, बाहेर ये! वाटाण्याला मुळा आलाय!"

वाफा नुसता उसळला होता. वाटाण्यावर वाटाणा, मधेमधे मुळ्याची पानं, पाय ठेवायला जागा नाही.

"ताईचं बियाणंच तसलं," बाई घाईने म्हणाल्या.

मास्तर चष्मा नाकावर सरकवून वाकले. "ही डावीकडे पळणारी टीप तुझी. लग्नानंतर पहिला पडदा शिवलास, तोही असाच पळाला होता. हे मुळे इंजेक्शन टोचल्यासारखे सरळ खाली गेलेत, म्हणजे नर्सबाई. आणि ही मधली ओळ माझी. दुसऱ्यांदा पेरलेली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"'शिजले' म्हणालो तेव्हा तुझं तोंड पाहिलं ना!"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू गावभर केलं असतंस."

पुढे वन्संनी फोनवर बोलणंच सोडलं. काही सांगायचं झालं की एसटी पकडून स्वतः यायच्या. नर्सबाईंची बदली झाली, पण जाताना मुळ्याचं बी न्यायला विसरल्या नाहीत. मास्तरांनी अखेरपर्यंत परसातलं स्टूल सोडलं नाही. आता ते नाहीत. बाई दरवर्षी त्यांच्याच दोरीने ओळ आखतात, तरी ती डावीकडे पळतेच. आणि वाटाणे सोलायला बसल्या, की समोर येईल त्याला हीच गोष्ट सांगतात. गावात ती ऐकायची राहिलेलं आता कोणी नाही.