आबांच्या घरी आलेली गाणी

गाण्यांच्या अ‍ॅपनं एखादं नवं गाणं सुचवलं, की आपण ते ऐकतो नाहीतर पुढं ढकलतो. विट्यातले आमचे शेजारी आबा त्याचा बघण्याचा कार्यक्रम करतात.

आधी सदरा बदलतात. मोबाईल खुर्चीवर टेकवून ठेवतात, स्वतः समोर सतरंजीवर बसतात आणि भिंतीपलीकडून मला हाक मारतात, "ये रं, स्थळ आलंय!" मग चौकशी. "गाव कुठलं म्हणायचं? गाणारा कोण? आदी काय काय गायलाय?" एवढं झाल्याशिवाय गाणं सुरू होत नाही.

आबांनी उभी हयात तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान चालवलं आणि तिथं बसून निम्म्या तालुक्याची लग्नं फोनवर जमवली. आता दुकान मुलाकडं आहे, लग्नं पोरंपोरी आपापली जमवतात. आबांकडं उरलं एकच काम. धाकट्या बहिणीला, शालूआक्काला, पसंत पडेल असं गाणं शोधायचं.

शालूआक्का तरुणपणी गायची. पुढं लग्न केलं नाही, बालवाडी चालवली, आणि तिथं बडबडगीतंसुद्धा पोरांना नुसती बोलून शिकवली. "एकदा तरी गुणगुणली पायजे," आबा म्हणतात. "मग मी मोकळा." आक्का स्वयंपाकघरातून ओरडते, "मोकळंच हायसा की! काम काय हाय तुमास्नी?"

आबांचे शेरे ऐकण्यासारखे असतात. एका गझलेनंतर म्हणाले, "माणूस चांगला हाय, पण तब्येत बरी दिसत न्हाई." नुसत्या सतारीचा तुकडा लागला, तर, "लाजाळू हाय, तोंड उघडंना." कानठळ्या बसवणाऱ्या इंग्रजी बँडला, "आवाज दांडगा! घरात सात भाऊ असणार." आणि गाणं कितीही भयंकर असो, शेवटपर्यंत ऐकून मोबाईलला हात जोडायचे. "कळवतो."

घोटाळा इथंच झाला. आबांनी एक रॅप गाणं भिडेखातर पुरं ऐकलं. अ‍ॅपला भीड ठाऊक नाही. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला आवडलं. दुसऱ्या दिवशी तसलीच चार आली. आबांनी चारही मान डोलावत ऐकली. आठवडाभरात आबांच्या सोप्यात रॅपशिवाय काही वाजेना.

"एकाला च्या पाजला, तर भावकी घेऊन आलं की रं!"

मी मोर्चे, घोषणा आणि पत्रकांच्या घरात वाढलेला माणूस. आपण काय ऐकावं हे कुठल्याशा कंपनीनं ठरवावं, याची मला मनापासून चीड आहे. म्हणालो, "आबा, तुमच्या सभ्यपणाचा हे लोक हिशेब मांडतायत. नाही म्हणायला शिका! नाही म्हणणं हा माणसाचा हक्क आहे."

"आरं, पण तोंडावर कसं म्हणायचं?"

"त्याला तोंड नाही, आबा!"

"म्हणून काय झालं?"

गेल्या रविवारी सकाळी पुन्हा एक रॅपवाला आला होता. पोरगा धाप लागेपर्यंत कुणालातरी शिव्या घालत होता. शेवटी मीच हात पुढं केला, पुढचं गाणं लावायला. आबांनी माझं मनगट धरलं. जोरात.

"अर्ध्यातनं न्हाई."

"का पण?"

त्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "शालूला बघाय आल्याले. म्हणले, गाऊन दाव. हिनं सुरू केलं, लय झकास. मधीच नवऱ्याचा मामा उठला. म्हणला, एसटी चुकंल. सगळी उठली. ही आपली गातीया." खुर्चीवर पोराच्या शिव्या चालूच होत्या. "आन् मी काय केलं? मामाची पिशवी घिऊन त्यास्नी स्टँडवर सोडाय गेलो. म्हणलं, पाव्हणं हायती."

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

तेवढ्यात तो पोरगा थांबला. ढोल थांबले. गाण्याच्या शेपटाला त्यानं एका म्हातारीचा आवाज जोडला होता. बहुधा त्याचीच आजी. जात्यावरची ओवी, साधी, खरखरीत. आत भांडी घासल्याचा आवाज बंद झाला.

म्हातारीची ओवी संपली, गाणं संपलं. आणि स्वयंपाकघरातून पुढची ओवी आली. सूर आधी घसरला, मग सावरला. मधला शब्द आठवेना, तिथं आक्कानं नुसतंच "हं हं" करून ओळ पुढं नेली.

आबा हलले नाहीत. ते समोरच्या भिंतीकडं बघत होते आणि गालावरून ओघळणारं पुसतही नव्हते. त्यांना एकटं सोडावं म्हणून मी हळूच उठायला लागलो, तर त्यांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"बस," ते पुटपुटले. "तिचं हू दे."