बाही, मी आणि ऑफिसचं दार

"सात दिवस एक बाही घालशील?" बायकोने चहा पिता पिता विचारलं आणि मी बेसावधपणे "हो" म्हणालो. (लग्नालाही असाच हो म्हणालो होतो.)

बायको प्रयोगशाळेत संशोधन करते. कापडावर कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा थर द्यायचा आणि त्यात वीज साठवायची, म्हणजे अंगातला कपडाच बॅटरी, असं काहीतरी ते आहे. ती तीन वर्षं समजावतेय, मी तीन वर्षं मान डोलावतोय.

"ही कोपरावर चढवायची," तिने काळी, चिकटपट्टीची बाही पुढे केली. "हात दुमडून थराला तडे जातात का, ते बघायचंय. तिला जोडलेली ही डबी हात किती वेळा दुमडला आणि अंग किती गरम आहे, ते नोंदवते. सोमवारी समितीपुढे आकडे ठेवायचेत. पटले नाहीत तर काम बंद."

दोन दिवसांनी तिने आकडे पाहिले. "दिवसभरात एकतीस वेळा? अरे, तू हात हलवतोस तरी का?"

मी आवक-जावकचा कारकून. शिक्का मारायला मनगट पुरतं, कोपराला कामच नसतं. ते एकतीस म्हणजे निव्वळ चहा! पण माझ्यापायी हिचं काम बंद पडलं तर? त्या काळजीने मला जेवण जाईना. (दोनदाच वाढून घेतलं.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरलो, मागे दार आपोआप बंद झालं आणि माझी नजर वर गेली. दार ओढून घेणारी ती लोखंडी दांडी म्हणजे हुबेहूब कोपर! मी स्टुलावर चढून बाही दांडीला गुंडाळली.

"साहेब, दाराला काय झालं?" शिपायाने विचारलं.

"मुरगळलंय."

"मग ढकलायचं नाही?"

"उलट जास्त ढकला. त्याला व्यायाम हवाय."

त्याने ते सगळ्यांना इतक्या गंभीरपणे सांगितलं, की लोक कारण नसताना ये-जा करू लागले. संध्याकाळी बाही काढून मी पुन्हा हातावर चढवायचो. असं शनिवारपर्यंत चाललं.

रविवारी बायकोने आकडे दोनदा तपासले.

"या नोंदीप्रमाणे तू रोज दहा ते पाच मेलेला असतोस."

"म्हणजे?"

"अंग थंडगार. त्याचं मला नवल नाही. पण मेल्यावर रोज दोन हजार वेळा हात कसा हलवतोस?"

मी सगळं कबूल केलं. ती ओरडली नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. नुसतं म्हणाली, "आता समितीला खरं तेच सांगावं लागेल."

सोमवारी मी रजा टाकून घरात येरझाऱ्या घातल्या. (बाही नसताना हात भरपूर हलला.) संध्याकाळी ती आली.

"बंद झालं का गं काम?"

"नाही. एवढं दुमडूनही थराला एक तडा नाही. समिती खूश आहे. फक्त त्यांनी विचारलं, पहिले दोन दिवस बाही कपाटात होती का?"

"तू काय सांगितलंस?"

"नवऱ्याच्या हातावर होती म्हणाले. मग त्यांनी वर्षभराची मुदत दिली, पण एक सूचना केली."

"कोणती?"

"दार कायम ठेवा, नवरा बदला."

"मग?"

"विचार करून कळवते म्हणाले," असं म्हणून ती चहा टाकायला गेली.