लोळवलेला ठसा

एका जंगलात, बाळांनो, भारी शिस्त होती. कुणीही कुणालाही खावं, पण आधी कागदपत्रं पुरी करावीत, असा तिथला दंडक होता.

त्या जंगलात दिगंबर नावाचा वानर राहायचा. शिकलेला होता. घुबडगुरुजींच्या ढोलीत बसून तो वाचायला शिकला आणि तेव्हापासून झाडावर नीट चढायला विसरला. हसू नका. वानर म्हणजे आपला पूर्वज. त्याला हसणं म्हणजे घरच्याच माणसाला हसणं.

यंदा पाखरांनी मोठ्या वडावर अंड्यांचं पाळणाघर काढलं. आईबापांनी चाऱ्याला जायचं आणि मागे कुणीतरी अंडी सांभाळायची. सांभाळणाऱ्याला राहायला वडाची ढोली मिळणार होती. दिगंबरचा सगळा जीव त्या ढोलीत अडकला होता. त्याची बायको वेणू नुकतीच बाळंत झाली होती. उघड्या फांदीवर बाळाला पोटाशी धरून बसायची, आणि वर गरुड घिरट्या घालायचा.

“अहो, ती ढोली तेवढी मिळवा,” वेणू म्हणायची. “एक डुलकी काढीन म्हणते. किती दिवस झाले डोळे मिटले नाहीत.”

पण पाळणाघराची एक अट होती. अर्जदाराने बोटांचे ठसे द्यायचे. आजवर लुटलेल्या घरट्यांवर ते ठसे कुठे सापडलेत का, हे बघून मगच नेमणूक. ठसे घ्यायला पिंपळाखाली दोन खिडक्या होत्या. एकीत काचेवर नुसतं बोट टेकवायचं. दुसरीत बोटाला शाई लावायची. कोणत्या कामाला कोणता ठसा लागतो, त्याची ठळक पाटी मधोमध टांगली होती.

दिगंबरने पाटी वाचली नाही. आपण शिकलेली मंडळी पाट्या वाचत नाही. पाट्या इतरांसाठी असतात.

शाईची खिडकी पाहूनच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “अंगठा उठवू? मी? घुबडगुरुजींचा विद्यार्थी? मला काय अंगठेबहाद्दर समजलात?”

तो ताठ मानेने काचेपुढे जाऊन उभा राहिला. बोट टेकवलं. बोट स्वच्छ राहिलं आणि दाखला उभ्या उभ्या मिळाला. दिगंबर खूश होऊन वडाकडे गेला.

पाळणाघराचे प्रमुख होते धनेशराव. त्यांनी दाखला पाहिला आणि मुळातच वाकडी असलेली चोच आणखी वाकडी केली.

“हा टेकवलेला ठसा. हा आपल्या जंगलापुरता चालतो. आमच्याकडे परमुलखातली पाखरं अंडी ठेवतात. तुम्ही तिकडे जाऊन काही उद्योग केलेत का, हे शाईच्या ठशावरूनच कळतं. शाईचा आणा. तोही लोळवलेला.”

“लोळवलेला?”

“लोळवलेला. पाटीवर लिहिलंय की!”

दिगंबरने अर्थ विचारला नाही. विचारलं तर लोक म्हणतील, एवढं शिकून हेही येत नाही? त्याने सगळं समजल्यासारखी मान डोलावली. शिक्षणाने एवढं एक अंगी बाणतंच.

शाईच्या खिडकीत घोरपडबाई बसायच्या. समोरच्या दगडावर शाई पसरलेली, शेजारी केळीचं पान. बाई पेंगत होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, “हं, लोळवा.”

दिगंबर घुटमळला. मागे रांग खोळंबली होती. त्याला वेणूचे तांबारलेले डोळे आठवले. शेवटी मनाचा हिय्या करून तो शाईत उताणा पडला आणि लोळला. या कुशीवरून त्या कुशीवर. मग पानावर लोळला. पान पुरेना, तेव्हा रांगेतल्या सशावरही थोडा लोळला.

घोरपडबाईंची झोप खाडकन उडाली. “अहो, बोट! बोट लोळवायचं! नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत!”

रांग खो खो हसली. दिगंबरही हसला, न हसून करतो काय? पण मनात त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींनी आपल्याला बाराखडी शिकवली, व्याकरण शिकवलं, फक्त ‘म्हणजे काय हो?’ एवढं विचारायला शिकवायचं राहून गेलं, असं त्याला वाटलं.

“आता शाई उतरली की या,” घोरपडबाई म्हणाल्या. “बोटाच्या रेघा दिसायला हव्यात.”

शाई जांभळाची होती. दिगंबर नदीत बसून अंग घासू लागला. इकडे पाखरांची अंडी घालायची वेळ झाली. अंडी काय शाई उतरेपर्यंत थांबतात? धनेशरावांनी दुसरा अर्ज उघडला. तो धामणीचा होता.

हो हो, तीच ती. साप. ती दोन्ही खिडक्यांत जाऊन आली होती. हात नाहीत, बोटं नाहीत, ठसा उठणार कुठून? आपल्या जंगलात शोधलं, परमुलखात विचारलं, लुटलेल्या एकाही घरट्यावर धामणीच्या बोटाचा ठसा निघाला नाही. दाखल्यावर लिहून आलं, ‘निष्कलंक’.

“इतकं स्वच्छ चारित्र्य माझ्या तरी पाहण्यात नाही,” धनेशराव गहिवरून म्हणाले, आणि धामणबाई ढोलीत राहायला गेल्या.

वेणू बाळाला दुसऱ्या हातावर घेऊन वर आभाळाकडे बघत बसली. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर दिगंबरला बरं वाटलं असतं.

मग अंडी कमी होऊ लागली. बुलबुलाची गेली, सुगरणीची गेली. चौकशी बसली. पाळणाघरातली काडी न् काडी तपासली. कुठेही एकसुद्धा ठसा मिळाला नाही. त्या अर्थी चोरी झालेलीच नाही, असा निकाल लागला.

सुगरण रडत दिगंबरकडे आली. “भाऊ, तुम्ही असता तिथे, तर...”

दिगंबरच्या अंगावरची शाई एव्हाना उतरली होती. तो तडक घोरपडबाईंकडे गेला आणि अंगठा पुढे करून सगळ्या रांगेदेखत म्हणाला, “बाई, मला यातलं काही कळत नाही. माझं बोट धरा आणि तुम्हीच लोळवा.”

बाईंनी बोट धरून लोळवलं. सुरेख ठसा उठला. शाळेतसुद्धा कधी झाला नव्हता एवढा आनंद दिगंबरला झाला. पान सांभाळत तो वडाकडे धावला.

धनेशरावांनी ठसा उजेडात धरून पाहिला. “वा! रेघ न् रेघ दिसते. असाच हवा होता.”

“मग कधी येऊ?”

“या की. फक्त मधल्या काळात एक नियम वाढलाय. नव्या माणसाची शिफारस आधीच्या बाईंनी करायची. धामणबाई आतच आहेत. थोडं थांबा, त्यांचं जेवण चाललंय.”

तात्पर्य: बाळांनो, चारित्र्य स्वच्छ ठेवायचं असेल तर हात स्वच्छ ठेवून भागत नाही. हातच नसावे लागतात. आपल्याला चांगले दोन-दोन आहेत, तेव्हा आपण मुकाट्याने रांगेत उभं राहावं.