केसोबाने गाडी सुधारायला काढली

एका जंगलात एक अस्वल होतं आणि त्या अस्वलाकडे गाडी होती. हसायचं ते आत्ताच हसून घ्या बाळांनो, पुढे वेळ मिळायचा नाही. गाडी कुठून आली, पेट्रोल कोण द्यायचं, असलं काही मधेच विचारायचं नाही. गोष्टीत ससा बोलतो तेव्हा तुम्ही निमूट माना डोलावता. मग अस्वलाने गाडी चालवली तर कुठे बिघडलं?

गाडी लाल होती. दोघांपुरतीच, वर छप्पर नाही. नाक लांबलचक आणि बूड आखूड. होती शर्यतीचीच, पण तिने शेवटची शर्यत मारली तेव्हा अस्वलाचे आप्पा ऐन तारुण्यात होते. आता आप्पांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते. म्हणून त्यांनी गाडी मुलाच्या हवाली केली. मुलाचं नाव केसोबा. देताना त्यांनी एकच अट घातली.

"विकायची नाही."

"नाही विकणार, आप्पा," केसोबा म्हणाला. आणि त्याने ती विकली नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. नंतर त्याच्या नावाने खडे फोडाल म्हणून सांगतो. केसोबा शब्दाचा पक्का होता.

दर रविवारी केसोबा आप्पांना गाडीत बसवून करवंदीच्या चढाने टेकडीवर न्यायचा. अर्ध्या चढावर मोहाचं झाड होतं. तिथे गाडी हटकून बंद पडायची. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून पाजणारं एक भांडं असतं, त्याला कार्बोरेटर म्हणतात. त्या भांड्यात एक पितळी तोटी असते, सुईच्या भोकाएवढी. टाकी जुनी, आतून गंजलेली. चढावर गाडी हिंदकळली की टाकीतला गंज सुटायचा आणि नेमका त्या तोटीत जाऊन बसायचा. मग गाडी दोन आचके द्यायची, एकदा खोकायची आणि गप्प व्हायची.

गाडी गप्प झाली की आप्पा खूश. अस्वलाला मोहाची फुलं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. ते चाचपडत खाली उतरायचे, फुलं असली तर वेचून खायचे आणि आपल्या शर्यतीची गोष्ट सांगायचे. शर्यतीत त्यांचा दुसरा नंबर आला होता. गाडीच्या डाव्या कुशीत एक पोचा होता, तो पहिल्या नंबराने पाडलेला. ही गोष्ट केसोबाने चारशे वेळा तरी ऐकली असेल. तो नुसतं 'हं, हं' करायचा आणि घड्याळ बघायचा.

तेवढ्यात पायथ्याच्या गॅरेजातून साळूमिस्त्री वर यायचा. हा साळिंदर. इंजिनाचा आवाज थांबला की त्याला बोलवायला जावं लागत नसे. तो यायचा, कार्बोरेटर उघडायचा, स्वतःच्या पाठीवरचा एक बारीक काटा उपटायचा आणि त्याने तोटी साफ करायचा. काटा उपटताना त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. पण त्या मापाची तार जंगलात दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. मग साळू स्टिअरिंगवर बसायचा, केसोबा मागून ढकलायचा आणि आप्पा शेजारी बसून रबरी भोंगा वाजवायचे. पों, पों. गाडी सुरू व्हायची. असे किती रविवार गेले त्याला गणती नाही.

एका रविवारी ते असे मोहाखाली थांबलेले असताना ठिपकेसाहेब वरून खाली आले. ठिपकेसाहेब म्हणजे बिबट्या. गाडी नवीकोरी, आवाज नाही की धूर नाही. त्यांनी गाडी थांबवली आणि अगदी आपुलकीने विचारलं, "काय केसोबा, अजून कार्बोरेटरच? इंजेक्शन बसवून घ्या की. एव्हाना वर जाऊन परत आला असतात."

दंड चोळू नका, हे ते इंजेक्शन नव्हे. ही नव्या इंजिनातली पिचकारी. एक कॉम्प्युटरचा डबा हिशेब करतो आणि पिचकारी तेवढंच पेट्रोल मारते. कुठे अडकणं नाही, कुठे खोकणं नाही. साहेब बोलले ते खोटं नव्हतं. पण ते केसोबाच्या जिव्हारी लागलं. त्या रात्री त्याने मधसुद्धा अर्धाच खाल्ला.

सकाळी तो गॅरेजात हजर. साळूने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. त्याचं म्हणणं असं पडलं की इंजिन ठणठणीत आहे, पेट्रोलच्या नळीत एक साधी गाळणी बसवली की काम भागेल. केसोबाला तो अपमान वाटला. शर्यतीच्या गाडीला गाळणी? चहा करायचाय का? तो म्हणाला, इंजेक्शन म्हणजे इंजेक्शन.

साळूने कार्बोरेटर उतरवला. आता त्या जंगलातल्या गॅरेजांची एक रीत होती. गाडीचं काढलेलं जुनं सामान मालकाने नेलं नाही तर ते मिस्त्रीचं. मात्र मिस्त्रीने तोंडाने विचारायला हवं. साळूने कार्बोरेटर पुसून दोन्ही पंजांत धरला आणि विचारलं, "जुनं नेताय का?"

"ठेव तिकडे," केसोबा म्हणाला.

पिचकारी बसली. पण पिचकारीला दाबाने पेट्रोल लागतं, आणि दाब म्हटल्यावर जुनी टाकी भळाभळा गळायला लागली. टाकी बदलली. जुनं नेताय का? ठेव तिकडे. मग कॉम्प्युटरचा डबा सांगायला लागला की हे इंजिन माझ्या लायकीचं नाही. म्हणजे तसं बोलला नाही, एक पिवळा दिवा लावून बसला. पण केसोबाला समजायचं ते समजलं. त्याने दुप्पट ताकदीचं नवं इंजिन मागवलं. जुनं इंजिन साखळीने वर उचललं तेव्हा साळू जरा थांबला. त्याने दोनदा विचारलं, नेताय का, आप्पांना एकदा विचारून घेता का. केसोबा तेव्हा नव्या इंजिनाचं खोकं फोडत होता. त्याने हातानेच खूण केली.

नाकापेक्षा मोती जड, अशी त्या गाडीची गत झाली. नव्या इंजिनाच्या जोराने जुन्या गिअरचे दात पडले. गिअरपेटी बदलली. वेग वाढला, पण जुने ब्रेक लागेनात. ब्रेक बदलले, तर चाकं पुरेनात. इंजिन उंच होतं, त्यामुळे बॉनेट मिटेना. शेवटी सगळा सांगाडाच थरथरायला लागला, तेव्हा केसोबाने नवा सांगाडा आणवला, नव्या पत्र्याचा, त्याच लाल रंगाचा. जुना पोचा पडलेला सांगाडा साळूच्या अंगणात भिंतीला टेकून राहिला. एकदा बोट दिलं की मनगट गेलंच समजा. दर खेपेला साळू विचारायचा आणि दर खेपेला केसोबा तेच म्हणायचा. एक भोंगा तेवढा त्याने नव्या गाडीवर ठेवला. शोभेला बरा दिसतो म्हणून.

पावसाळा सरला, गाडी तयार झाली. अहाहा, काय दिसायची म्हणून सांगू. हुबेहूब पहिल्यासारखी, फक्त तिच्यात पहिलं काही नव्हतं.

पहिल्याच रविवारी केसोबाने आप्पांना आत बसवलं. आप्पांनी बसल्या बसल्या डाव्या बाजूने बाहेर हात घातला आणि पत्रा चाचपला. गाडी निघाली ती बाणासारखी.

थोड्या वेळाने आप्पा म्हणाले, "मोह आला की सांग रे."

"गेला, आप्पा."

"कधी?"

"मघाशीच. आपण वर पोचलो."

केसोबाने गाडी वळवली, खाली आणली आणि मोहाखाली उभी केली. घ्या, म्हणाला, थांबलो. आप्पा उतरले नाहीत. गाडी चांगली आहे, असं म्हणाले. थंडी वाजते, असंही म्हणाले. आणि घरी चलायला सांगितलं.

पुढच्या रविवारी आप्पा गुहेबाहेरच्या दगडावर तयार होऊन बसले. केसोबाने गाडी समोर आणली, तर उठेनात. त्यांनी विचारलं, आपली गाडी गॅरेजातून कधी यायची? केसोबाने समजावलं की हीच ती, नवी केलेली. आप्पा 'बरं' म्हणाले आणि बसून राहिले. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मग केसोबा एकटाच वर जाऊ लागला. चार मिनिटांत जायचा, चार मिनिटांत यायचा. उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते त्याला सुचत नसे. मग तो गाडी पुसायचा.

खरं सांगू का, त्याला वाईट वाटत होतं. आप्पांना आता किती रविवार उरले होते, हे त्यालाही कळत होतं. आणि आप्पा त्यातला एकेक रविवार त्या दगडावर बसून घालवत होते. पण गाडी तर उत्तम चालत होती. मग चुकलं कुठे, हे काही त्याला सापडेना.

मोह फुलायच्या दिवसांतला एक रविवार. केसोबा गाडी पुसत होता, आप्पा दगडावर होते. खालून आवाज आला. धडधड, धडधड, मधेच एक आचका, पुन्हा धडधड. आप्पा ताडकन उभे राहिले.

"आली," ते म्हणाले.

वळणावरून एक लाल गाडी आली. रंग विटलेला, डाव्या कुशीत पोचा. स्टिअरिंगवर साळूमिस्त्री. अंगणात साठलेलं सामान त्याने रिकाम्या वेळात दुरुस्त करून एकाला एक जोडलं होतं. जोडता जोडता गाडीच झाली, त्याला तो तरी काय करणार? त्याने केसोबाला राम राम केला. आप्पा चालत गेले, पोच्यावर हात ठेवला, साळूच्या कानात काहीतरी पुटपुटले आणि आत जाऊन बसले. गाडी धडधडत चढाला लागली.

केसोबा आपल्या गाडीत बसून मागोमाग निघाला आणि त्यांच्या आधी मोहापाशी पोचला. मग बराच वेळ तिथे वाट बघत उभा राहिला. शेवटी ती आली, दोन आचके दिले, एकदा खोकली आणि गप्प झाली. आप्पा हसत खाली उतरले.

केसोबाने साळूला बाजूला घेतलं. माझी ही नवी गाडी घे, किल्लीसकट घे, पण ती मला दे, असं तो म्हणाला. वर मधाचं एक पोळंही देऊ केलं. साळूने मान खाली घातली.

"नाही जमायचं, केसोबा. विकायची नाही म्हणून शब्द दिलाय."

"कोणाला?"

"आप्पांना. आत्ताच. शब्द घेतल्याशिवाय बसेनात ते."

केसोबाने आप्पांकडे पाहिलं. म्हणजे गाडी कोणाची झालीय ते त्यांना ठाऊक होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, मग तू ती गाळणी का नाही बसवलीस? साळू म्हणाला, तेही वाटेत आप्पांना विचारलं, ते नको म्हणाले. आणि त्याने कार्बोरेटर उघडून पाठीवरचा एक काटा उपटला. डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण यावेळी एकट्याच्या नाही.

"केसोबा आलाय का?" आप्पांनी फुलं खाता खाता विचारलं. "बरं झालं. ढकलायला कोणी नव्हतं."

मग ते गाडीत बसले, समोर हात फिरवला आणि अडखळले. भोंग्याच्या जागी नुसतं भोक होतं. केसोबाने ते पाहिलं. तो आपल्या गाडीकडे गेला, दोन स्क्रू काढले आणि भोंगा आणून साळूपुढे धरला. साळूने तो पुसून दोन्ही पंजांत घेतला. रीत ती रीत.

"जुनं नेताय का?"

"ठेवा, मिस्त्री," केसोबा म्हणाला. साळूला तो आजवर कधी 'ठेवा' म्हणाला नव्हता.

साळूने भोंगा बसवला आणि स्टिअरिंग धरलं. केसोबा मागे गेला, पाय रोवले आणि खांदा लावला. आप्पा पुढे तोंड करून शर्यतीची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले. केसोबाने घड्याळ पाहिलं नाही. दोन्ही पंजे कामात होते.

पों, पों.

तात्पर्य: जुनी गाडी जरूर सुधारायला काढावी आणि कोणी कितीही सांगितलं तरी गाळणीवर भागवू नये. गाडी मिस्त्रीची होते, पण तिला ढकलायचा मान घराण्यातच राहतो.