खंडेनवमीस टेलिफोन मुका जाहला त्याची बखर

श्री. भिंतीतील तारेस जो वाचा देतो तो देव सर्वांस प्रसन्न असो. शके १९१९, ईश्वरनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी. ते दिवशी तीन खोल्यांच्या राज्यात शस्त्रपूजा जाहली. राज्याचे धनी नरहरपंत, निवृत्त हेडक्लार्क, बुद्धीने बेताचे आणि ऐटीने भारी. त्यांनी विळी पूजिली, हातोडी पूजिली, सायकल पूजिली, आणि मग बोलिले, "टेलिफोननं काय घोडं मारलंय?" आणि भिंतीतल्या डबीस, जीत फोनची तार खोचतात, हळदकुंकू वाहिले आणि वरून पळीभर पाणी सोडिले. हर हर! दुसरे दिवशी, ऐन दसऱ्यास, फोन मुका जाहला.

राणीसाहेब इंदुमतीबाई यांची धाकटी बहीण शरयू अमरावतीस अंथरुणास खिळलेली. ती दर रविवारी सकाळी नवास फोन करी, आणि बाई आठापासूनच खुर्ची ओढून बसत. बाई म्हणाल्या, "अहो, ती डबी उघडून बघा. तुम्हीच पाणी घातलंत तिथं." पंत कडाडले, "तुला काय कळतंय त्यातलं?" मग मोहीम निघाली. पंतांनी फोन काखोटीस मारून शेजारी लावून पाहिला, तो तेथे खणखणीत चालला. शहाण्यास तेथेच उमजावे की खोट आपल्याच भिंतीत, परंतु पंतांनी दोष शेजाऱ्यांच्या पेरूवर ठेविला, आणि फांदी तोडविली, आणि भांडण जाहले, आणि मग रस्त्यावरील खांबास बोल लाविला, आणि खात्यास तीन अर्ज धाडिले. तो रविवार गेला. बाई म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या बूथवरून शरूशी दोन शब्द बोलून येते." पंत बोलिले, "माझ्या घरची माणसं बूथवर रांगेत? आज चालू करतोच!" बाईंनी पायातल्या चपला काढिल्या. दुसराही रविवार तसाच गेला.

मग मंगळवारी लाइनमन आला आणि त्याने आधी डबीचेच झाकण काढिले. आत कुंकवाचा चिखल, पितळी टोके हिरवी पडलेली. "साहेब, हिची पूजा कोणी केली?" ऐसे पुसोन त्याने टोके खरवडली, आणि फोन जिवंत जाहला. लाइनमन जिना उतरतो न उतरतो तो घंटा वाजली. भाचा बोलत होता. "मावशी, आई काल गेली गं. दोन्ही रविवारी तुझाच नंबर लावायला लावला तिनं. इकडं घंटा वाजायची, उचलत कोणी नव्हतं. म्हणायची, ताई कामात असेल, वाजू दे अजून."

बाईंनी फोन ठेविला. पंतांस शब्दाने बोलिल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे होते. अजूनही रविवारी आठास त्या खुर्ची ओढून बसतात.

एवंच, खोट आधी आपल्या भिंतीत पाहावी. बखर संपली. लिहिणाऱ्याचे नाव पुसू नये, पळी त्याच्याच हातात होती.