आवाज नसलेल्या मोटरचा पंचनामा

जगात जे फिरते त्याला मान मिळतो आणि ज्याच्या आधारावर ते फिरते त्याला ग्रीस मिळते. या नियमावर मोटर चालते, इंजिन चालते आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली आमची ग्रामपंचायतही चालते. (गावाचे नाव लिहीत नाही. बाजूच्या चार गावांना वाटेल, आपल्यावरच लिहिले.)

बेअरिंगचे प्रकार पुढीलप्रमाणे. बॉल बेअरिंग : यात पोलादी गोळ्या असतात. हलका भार, जास्त वेग. रोलर बेअरिंग : गोळ्यांऐवजी लाटण्यासारखे तुकडे, म्हणून जड भार. थ्रस्ट बेअरिंग : जो आसाच्या दिशेने रेटतो त्याला झेलते. आणि बुश : यात गोळी नाही, रोलर नाही, नुसते घासणे. कंत्राटी पंप ऑपरेटर या शेवटच्या वर्गात मोडतो (हे पुस्तकात दिलेले नाही).

आमचा पंप ऑपरेटर बौद्धपुऱ्यातला संघपाल. नऊ वर्षे नोकरी, नऊही कंत्राटी. स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून तो बेअरिंगची तब्येत सांगतो. याला शास्त्रीय तपासणी म्हणता येत नाही, कारण ती बरोबर निघते.

दर खंडेनवमीला सरपंच चंद्रभानभाऊ मोटरची पूजा करतात. हळद, कुंकू, हार. नारळ फोडायला दगड शोधावा लागू नये म्हणून तो बेअरिंगच्या झाकणावरच फोडतात. यंदा संघपाल मध्ये बोलला.

"भाऊ, तिथी नोका फोडू. नारळाचं पाणी अंदर जाते, गोळ्याइले जंग चढते."

"वीस वर्सं झाले फोडून राहिलो. तुमच्यात नारळ चालत नाई, म्हून मोटरीलेबी चालत नाई काय?"

"तीनदा बेरिंग कोनं बदललं, भाऊ? मीनंच ना."

नारळ फुटला. खोबरे सर्वांना वाटण्यात आले, संघपाललाही. गावात भेदभाव नाही.

पंधरा दिवसांत मोटर घरघरायला लागली. संघपालने अर्ज दिला : बेअरिंग बदला, नाहीतर मोटर जळेल. बेअरिंग अमरावतीत मिळते, अकोल्यात मिळते, बसवायला दोन तास. पण अर्जाची नोंद 'मोटरच्या आवाजाबाबत' अशी झाली. मग ग्रामपंचायतीच्या पाणी समितीने आवाजावर काम केले, आणि मन लावून केले. प्रथम सर्वेक्षण. गावातल्या ६२ टक्के लोकांना आवाज ऐकू येत नव्हता (यांची घरे लांब). २१ टक्के लोकांची टीव्हीमुळे काही तक्रार नव्हती. उरलेले १७ टक्के पंपघराला लागून असलेल्या बौद्धपुऱ्यातले. त्यांचे म्हणणे वेगळ्या वहीत घेतले. वही सध्या सापडत नाही.

त्यानंतर पंपघराच्या खिडकीत पोती कोंबली. आवाज तरीही यायचा, म्हणून बेअरिंगमध्ये किलोभर ग्रीस दाबले. संघपाल सांगत राहिला, ग्रीस जास्त झाले की बेरिंग तापते. त्याला सांगण्यात आले की काटकसर चांगली नव्हे.

संघपालने दुसरा अर्ज दिला. तिसरा दिला.

बाविसाव्या दिवशी बेअरिंग जाम झाले, वाइंडिंग जळले आणि आवाज पूर्ण बंद झाला. तिन्ही अर्जांवर शेरा पडला : 'आवाज थांबल्याने निकाली.' असा निकाल हायकोर्टातही इतक्या लवकर लागत नाही.

नळ कोरडे पडले तेव्हा ६२ टक्क्यांनाही ऐकू यायला लागले. आता कोणीतरी जबाबदार पाहिजे. आवाज होता म्हणावे, तर समिती अडकते. म्हणून पंचनाम्यात लिहिले : 'मोटर शेवटपर्यंत बिनआवाजी होती. ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे अचानक जळाली.' दोन पंचांच्या सह्या झाल्या की संघपालची नोकरी गेली.

पहिली सही रामरावची. त्याची आणि पंपघराची भिंत एकच. तो तीन आठवडे कानात कापूस घालून जेवला.

संघपाल त्याच्या दारात गेला. "रामराव काका, तुमीच म्हनत होते ना, भांडे हालून राह्यले म्हून?"

"म्हनत होतो. पन तोंडी म्हनत होतो बाबू. लेखी मले काई ऐकू येत नाई."

दुसरी सही बाकी आहे. गावातले कोणी पुढे येत नाही. चांगुलपणाने नाही, नवीन मोटर येईपर्यंत बौद्धपुऱ्यातल्या हापशीवरच सगळ्यांना पाणी भरायचे आहे. त्यामुळे पंच बाहेरचा चालेल, असे ठरले. अटी साध्या : वाचता यावे, सगळी हकिकत माहीत असावी आणि ती कोणाला सांगायची सवय नसावी.

तुम्ही इथपर्यंत वाचले. नारळाला हसलात, किलोभर ग्रीसला हसलात. आता पान उलटाल.

उलटायच्या आधी खाली सही करा. जागा तुमच्यासाठीच कोरी ठेवली आहे.