गुंडू दत्तक गेला

सांगून ठेवते, यंत्रांच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही! माहितीपुस्तिका वाचून यंत्र चालवणं म्हणजे पाककृती वाचून वरणभात लावण्यासारखं आहे, असं माझं स्पष्ट मत. म्हणून सत्त्याण्णव साली माझा नवरा श्रीरंग कंपनीच्या कामासाठी तीन महिने ओसाकाला गेला आणि तिथून त्यानं ऑफिसातल्या पुरुषोत्तमबरोबर तळहाताएवढा व्हिडिओ गेम पाठवला, तेव्हा मी फोनवर ठणकावून सांगितलं, "तू यायच्या आत संपवून ठेवते!"

"अगं सुखदा, पण तो सगळा जपानीत आहे!"

"असू दे की! बटणं तर मोजून चार आहेत."

पुरुषोत्तमनं दारातच मला गेमचं सार सांगितलं होतं. आपण एक लहान मूल. घरातून निघायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, लढवायचे आणि गावोगाव फिरायचं. एवढं पुरे होतं!

गेम सुरू होताच अक्षरांनी भरलेला एक फळाच समोर आला. नाव विचारत असावेत. मी एक बटण चार वेळा दाबलं, चार सारखी अक्षरं बसली. छान दिसत होती. झालं बारसं!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिवलीलाअक्का कढीपत्ता द्यायला वर आल्या. अक्का मूळच्या निपाणीच्या, पण तीस वर्षं बंगलोरात मुरलेल्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. पडद्यावर एक म्हातारा तीन प्राणी घेऊन उभा होता. एक कोंबड्यासारखा, एक मुळ्यासारखा आणि एक चक्क उशीसारखा.

"ह्यो उशीवाला घे," अक्का म्हणाल्या. "झोपाळू हाय. घरात तरास न्हाई."

आम्ही त्याचं नाव गुंडू ठेवलं.

आणि मग काय सांगू, आमच्या दुपारी कुठे विरघळून जायच्या ते कळायचंच नाही! त्या गेमच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. ऊन पडलं तरच दिसायचं. त्यामुळे एक वाजता आम्ही मागच्या पायरीवर, दोन वाजता कपडे धुवायच्या दगडापाशी, साडेतीनला जिन्यात आणि चारनंतर गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून. ऊन सरकेल तशा आम्ही सरकायचो. दोन बायका आणि एक उशी! हेब्बाळच्या तळ्यावरून वारा यायचा. पडदा शेवाळी हिरवा, त्यात बोटाएवढं गाव, गावाबाहेर कुरण आणि कुरणात हलणारं गवत. बारीक आवाजात तीच तीच धून वाजायची. कधीकधी माझे डोळे मिटायचे आणि वारा गच्चीवरचा आहे की कुरणातला, हेच समजेनासं व्हायचं.

खरं सांगायचं तर त्या गावात मला परकं वाटलंच नाही. बंगलोरात तरी येऊन मला चारच महिने झाले होते. बसच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, भाजीवाला काय म्हणतो ते कळत नव्हतं. मी मान डोलवून कानडीतलं "बरं, बरं", म्हणजे "सरी, सरी" म्हणायचे आणि पुढे जायचे. गेममध्येही तेच! फरक एवढाच, की गेममध्ये सोबत अक्का होत्या.

अडचण एकच होती. गावाबाहेर जायला एकच पूल, आणि पुलावर एक शिपाई. जवळ गेलं की तो हात आडवा करून दोन ओळी बोलायचा आणि आम्हाला परत फिरवायचा.

"ह्याला कायतरी पायजे," अक्का म्हणाल्या.

"काय पाहिजे?"

"ते कसं कळावं? पर गुंडूला घाबरंल, असा मोठा करूया."

गुंडूला मोठा करायचा म्हणजे कुरणातले किडे हरवायचे. गुंडूला एकच डाव यायचा. तो समोरच्यावर जाऊन झोपायचा! किडा दमून हरायचा. असे किती किडे झोपवले असतील! जपानीतले आकडे तेवढे इंग्रजी असल्यानं वाचता यायचे. पाचव्या पायरीवरचा गुंडू दहाव्यावर गेला, वीसवर गेला, सहा आठवड्यांत एक्केचाळिसावर पोचला! अक्का त्याच्याशी बोलायला लागल्या. "दमलास काय रं? स्वल्प थांब, चा ठेवून येते." शिपाई मात्र ढिम्म!

यातल्याच चौथ्या आठवड्यात श्रीरंगचा फोन आला.

"कुठवर पोचलीस?"

आता पहिल्याच गावात आहे असं कसं सांगणार? "बरीच पुढे!" मी म्हटलं.

"आणि जपानीचं काय करतेस?"

"कळतं आपलं हळूहळू!"

झालं! हे वाक्य ओसाकात जाऊन एवढं फुगलं, एवढं फुगलं, की पंधरा दिवसांनी श्रीरंग परत आला तोच बातमी घेऊन. "ओसाकाच्या ऑफिसातले माझे मोरिता साहेब आपल्याकडे जेवायला येणार आहेत! माझी बायको घरबसल्या जपानी शिकली असं सांगितलंय मी त्यांना. फार भारावलेत!"

मला येत होतं ते फक्त बटण दाबायला! पण आता सांगायचं कसं? नवऱ्याच्या साहेबासमोर नवऱ्याचंच तोंड काळं व्हायचं!

रविवारी मोरिता साहेब आले. साठीचे, सडसडीत, अतिशय नम्र. दारातच कमरेत वाकले आणि माझ्याकडे बघून घडाघडा एक लांबलचक वाक्य बोलले. मी पांढरीफटक!

आत भाकऱ्या थापायला आलेल्या अक्का तिथूनच ओरडल्या, "हाय, हाय! भाकरी हाय, भाजी हाय, समदं तयार हाय!"

मोरिता साहेबांचा चेहरा उजळला. जपानीत होकाराला 'हाय'च म्हणतात, हे मला नंतर कळलं. साहेब थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि अक्कांना काहीतरी विचारू लागले.

"हाय," अक्का म्हणाल्या. "ठेचा बी हाय."

साहेबांनी पुन्हा वाकून नमस्कार केला. अक्कांनी परातीतले पिठाचे हात जोडले. श्रीरंग माझ्या कानात पुटपुटला, "अक्कांनाही शिकवलंस?"

जेवण झाल्यावर साहेबांनी गेम बघायला मागितला. चला, पितळ उघडं पडणार! मी मुकाट्यानं गेम हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, पडद्यावरचं वाचलं आणि इंग्रजीत हळूच विचारलं, "तुमचं नाव आआआआ असं आहे का?"

मी बारसं केलं होतं ते हे! मग मी सगळं कबूल केलं. म्हटलं, साहेब, आम्हाला एक अक्षर येत नाही. हा शिपाई सहा आठवडे काय मागतोय, तेवढं सांगा.

साहेबांनी शिपायाचं बोलणं वाचलं. ओठ घट्ट मिटले. मग म्हणाले, "तो म्हणतोय, आआआआ, तू अनवाणी आहेस. घरी जाऊन बूट घालून ये."

बूट गेममधल्या आमच्या घरात, आईच्या शेजारीच ठेवलेले होते! रोज त्यांच्यावरून उडी मारून आम्ही किडे झोपवायला जात होतो!

मला वाटलं, आता हे हसणार. पण त्यांची नजर गुंडूच्या आकड्यावर गेली. "एक्केचाळीस? पहिल्या गावात?" त्यांनी गेम दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. एवढी चिकाटी आपण आयुष्यात पाहिली नाही, असं ते म्हणाले. आम्ही बूट घातले. शिपाई बाजूला झाला. पूल ओलांडताना अक्कांनी माझा दंड घट्ट धरला होता. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि साहेब विमानतळाकडे निघून गेले.

नव्या गावात पहिल्याच घरात एक म्हातारी होती. तिनं काहीतरी विचारलं. खाली दोन पर्याय.

"आण इकडे," श्रीरंग म्हणाला. "तीन महिने काढलेत मी तिथे!"

"वाचता येतंय का?"

"म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणू नये, एवढं नक्की कळतं!"

आणि त्यानं वरच्या पर्यायावर बटण दाबलं. गुंडू टुणटुण उड्या मारत म्हातारीच्या मागे गेला. बदल्यात आमच्या हातात आला एक मुळा. पायरी तीन!

अक्का उठल्या आणि खाली निघून गेल्या. चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी जिन्यात डोळे पुसताना दिसल्या, तेव्हा मात्र श्रीरंगला राहवेना. त्यानं ऑफिसातून मोरिता साहेबांना फॅक्स पाठवला. घडलेली चूक कळवली, काही उपाय आहे का, विचारलं.

उत्तर आलं, पण श्रीरंग जागेवर नव्हता. ते पुरुषोत्तमच्या हाती पडलं. त्यात लिहिलं होतं: 'दिलेला परत घेता येत नाही, याचं अतिशय दुःख आहे. आजी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळतील. सुखदाबाईंना धीर द्या.'

संध्याकाळी दारात पुरुषोत्तम, त्याची बायको कल्पना आणि ऑफिसातली आणखी सहा माणसं! सगळ्यांचे चेहरे उतरलेले. कल्पनानं येताक्षणी मला मिठी मारली.

"वहिनी," पुरुषोत्तम म्हणाला, "एवढं मोठं दुःख, आणि आम्हाला कळवलंही नाहीत? दत्तक दिलात?"

मी तोंड उघडणार, तोच मागून अक्का आल्या आणि पदर डोळ्याला लावून त्यांनी टाहो फोडला, "ह्या हातांनी वाढवला हो! कधी रडला न्हाई, कधी हट्ट केला न्हाई! ह्यांनी एक बटण दाबून देऊन टाकला!"

आठही जण श्रीरंगकडे बघायला लागले. श्रीरंग भिंतीत शिरायचा प्रयत्न करत होता. शेवटी मी गेम आणून पुरुषोत्तमच्या हातात ठेवला आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. मुळा दाखवला. लाजेनं मान वर होईना. म्हटलं, आता हे लोक आम्हाला वेड्यांच्या इस्पितळात पोचवूनच घरी जाणार!

पुरुषोत्तमनं गेम दिव्याखाली धरून मुळा नीट पाहिला.

"कितव्या पायरीवर होता?"

"एक्केचाळीस."

त्यानं चष्मा काढला, खुर्ची ओढून अक्कांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "अरेरेरे! मग तर फारच वाईट झालं हो!"